गणपतीखालचा बोगदा

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, त्या दिवशी आम्ही दोघं त्याला स्टेशनवर सोडायला गेलो होतो. परत येताना बायको रिक्षात डोळे पुसत होती आणि मी मनातल्या मनात त्याच्या खोलीची लांबी-रुंदी काढत होतो. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. पुढच्या रविवारी प्लायवूडचा पहिला तुकडा खोलीत नेला, तेव्हा तिला ते आपोआप कळलं.

प्लायवूडवर मला रेल्वे बांधायची होती. वीतभर इंजिन, मागे तीन डबे, अंगठ्याएवढी माणसं. वालीवच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथे बाटल्यांची बुचं तयार होतात. माझा सगळा दिवस बुचांत जातो. पन्नाशी जवळ आली की माणसाला आपलं असं काहीतरी सापडावं लागतं. माझ्या ओळखीच्या काही जणांना अध्यात्म सापडलं, काहींना शुगर सापडली. मला रेल्वे सापडली.

तीन-एक वर्षांत त्या खोलीत मी वसई उभी केली. आजची नाही, मी शाळेत जायचो तेव्हाची. मधोमध स्टेशन, त्याच्यामागे केळीच्या बागा, पानवेलीचे मांडव, दोन बावखलं, म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची तळी, आणि पूर्वेला डोंगर. डोंगराच्या पोटातून मी बोगदा काढला. आमच्या मार्गावर बोगदा नाही हे मला माहीत आहे. पण इतकी वर्षं बुचं मोजलेल्या माणसाला एक बोगदा माफ असावा. विहिरींचे कठडे, पाण्याची टाकी, बैलगाड्यांची चाकं असं माझ्या वसईत जे जे गोल आहे, ते ते आमच्या कारखान्यातून नापास झालेलं बूच आहे. रुळांखालची खडी मी चहाच्या गाळणीने चाळली. त्यानंतर घरात काही दिवस चहाला किंचित करकर यायची. मिठागरं मात्र मी खऱ्या मिठाची केली आणि तिथे चुकलो. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं आणि ते रुळांखाली शिरलं.

"खाडीला पूर आला वाटतं," बायको दारातून म्हणाली आणि माझ्या अंगावर फडकं टाकून गेली.

हा नाद मला एका मित्राने लावला. तो वसई गावाकडचा, ख्रिस्ती, शाळेत चित्रकला शिकवायचा. नाताळात त्याच्या घरचा गोठ्याचा देखावा बघायला आजूबाजूच्या गावांतून लोक येतात, आणि त्याच्या गोठ्यात बेथलेहेमच्या डोंगरावरून आगगाडी जाते. येशूच्या जन्माच्या वेळी आगगाडी होती का, असं एका फादरनी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "फादर, मेंढपाळांना तरी कुठे स्वेटर होते? माझ्या बायकोने विणून घातलेच ना." तेव्हापासून त्याला कोणी विचारत नाही.

मला मात्र विचारणारं माणूस घरातच होतं.

"ती खोली मला हवी आहे," बायको एकदा जेवताना म्हणाली.

"अगं, काय करणार आहेस त्या खोलीत?"

"काही नाही."

"काही न करायला खोली कशाला लागते?"

"हॉलमध्ये नुसतं बसलं की शेजारीण विचारते, बरं नाही का? किचनमध्ये बसलं की तुम्ही विचारता, काय केलंयस खायला? बेडरूममध्ये तुम्ही घोरता. लग्न झाल्यापासून मला कुठेतरी नुसतं बसायचंय. जागा मिळालेली नाही."

मी म्हणालो, मागणी रास्त आहे, विचार करू. विचार करण्यात सहा-आठ महिने गेले. दरम्यान मी मालधक्का बांधला.

मग गणपती आले. आमच्या घरचा गणपती एक वर्ष थोरल्या भावाकडे, गावच्या घरी असतो आणि एक वर्ष माझ्याकडे, माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये. एरवी भावाकडे राहणारी आई त्या पाच दिवसांसाठी गणपतीबरोबर येते. या वर्षी पाळी माझी होती. सजावटीचं काय करायचं याची चर्चा निघाली आणि बायकोने पोळी लाटता लाटता प्रस्ताव मांडला.

"तीन वर्षं दार लावून एकटेच खेळताय. ठेवा की हॉलमध्ये, बाप्पाभोवती. आल्यागेल्याला दिसू दे. पाच दिवस गाडी नीट चालली तर खोली तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही चालली, तर माझी."

मी ताबडतोब हो म्हणालो. खोलीत माझी गाडी कित्येक महिन्यांत रुळावरून उतरली नव्हती. हिला रेल्वेतलं काय कळतं, असं मला वाटलं. आणि ते बरोबरच होतं. तिला रेल्वेतलं काही कळत नव्हतं. तिला माझ्यातलं कळत होतं.

चार फळ्यांवर बांधलेली वसई मी सुटी करून हॉलमध्ये आणली, टेबलांवर जोडली आणि भिंतीला सरकवली. डोंगराच्या मागच्या बाजूला मी प्लास्टर केलेलंच नव्हतं, ती उघडीच होती. भिंतीकडची बाजू कोणाला दिसणार? रोषणाईच्या वायरी न्यायला तिथे चार बोटांची फट ठेवली. डोंगराच्या माथ्यावर एक सपाट जागा होती आणि तिच्यात एक झाकण. बोगद्यात गाडी अडकली तर वरून हात घालता यावा म्हणून मित्राने ते माझ्याकडून करून घेतलं होतं. मूर्ती बसवायला अख्ख्या वसईत तेवढीच एक सपाट जागा होती.

आईने सगळं फिरून पाहिलं. "देवाच्या मांडीखालून गाडी जाणार?"

"मांडीखालून नाही गं, डोंगराच्या पोटातून."

"धूर सोडते?"

"नाही."

"मग जाऊ दे."

झाकण वजन पेलेल का, याची मी आदल्या दिवशी त्याच्यावर भरलेला पिठाचा डबा ठेवून खात्री केली. डबा वर, गाडी खालून, दहा फेऱ्या. काही अडचण नाही. झाकण उघडायची वेळ आली तर काय, हे पिठाच्या डब्याने विचारलं नाही.

चतुर्थीला भटजी आले, पूजा झाली, प्राणप्रतिष्ठा झाली. "आता उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही," असं नेहमीप्रमाणे बजावून ते पुढच्या घरी गेले. मी नमस्काराला वाकलो होतो. वाकलेल्या अवस्थेतच मला झाकण आठवलं.

मी सरळ उभा राहिलो आणि कोणाला काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही झालंही नव्हतं. दुपारभर गाडी छान धावली. मोदकाच्या ताटांवरून लोकांनी माना वळवून वळवून पाहिली. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अरे, ही तर आपली जुनी पाण्याची टाकी." मी म्हणालो, "हो." ते बूच आहे हे मी सांगितलं नाही.

संध्याकाळची आरती झाली. आईने बाप्पाला भरघोस हार घातला, दूर्वा वाहिल्या, दोन्ही खांद्यांवर जास्वंदी ठेवल्या. मी बटण फिरवलं. गाडी स्टेशनातून निघाली, केळीच्या बागेला वळसा घालून डोंगरात शिरली आणि बाहेर आली नाही.

हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं होती. सगळी बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडे बघत होती. मी बटण थोडं जास्त फिरवलं. आतून गुरगुर आली आणि थांबली.

मला वाटलं होतं लोक हसतील. पण ही वसईची माणसं. गाडी न येण्याचं त्यांना काही वाटतच नाही.

"मागून मेल सोडत असतील," काका म्हणाले.

"सिग्नल नसेल मिळाला," त्यांच्या सूनबाई म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन नीट बसल्या.

कोणीच उठेना. बायकोने दुसऱ्यांदा चहा टाकला. ती माझ्याकडे एकदाही बघत नव्हती आणि तेच मला लागत होतं. सगळे गेल्यावर मीच विषय काढला. "पाच दिवस अजून संपलेले नाहीत."

"मी कुठे काय म्हणाले?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी फटीतून हात घालून पाहिला. तो कोपरापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. बायकोने कोपराला तेल लावून तो काढला. मग मी कपड्यांचा हँगर सरळ करून बोगद्याच्या तोंडातून आत सारला आणि बरंच ढोसल्यावर एक डबा उलटा, एकटाच बाहेर आला. बाकीची गाडी आणखी आत गेली. टेबल भिंतीपासून सरकवावं तर टेबलाबरोबर मूर्ती हलते. डोंगर फोडावा तर वर देव.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई हार ओवत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"आई, हल्ली बरेच जण विसर्जन लवकर करतात. आज उरकलं तर तलावावर गर्दीही कमी असेल."

"आपला पाच दिवसांचा असतो."

"हो, पण तुझे गुडघे. उगाच पाच-पाच दिवस धावपळ."

आईने सुई खाली ठेवली. "गुडघे माझे आहेत. गाडी तुझी आहे. गाडी काढायला तू देवाला दोन दिवस आधी घालवणार?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

आतून बायकोचा आवाज आला, "आई, चहा घेणार ना?" त्या आवाजात हसू होतं की नव्हतं हे मी आजही सांगू शकत नाही.

त्या संध्याकाळी मित्र आला. जाता जाता दर्शन घ्यायला म्हणून आलेला माणूस, पण मी फोनवर सगळं सांगितल्यामुळे येताना आपलं इंजिनही घेऊन आला होता. गोठ्यातलं. त्याने बाप्पाला हात जोडले, प्रसाद घेतला, डोंगराभोवती फिरला आणि म्हणाला, "झाकण करायला सांगितलं होतं ना मी तुला?"

"केलंय."

"कुठाय?"

मी बोट दाखवलं. त्याने मूर्तीकडे बघून पुन्हा हात जोडले.

"आमच्या गोठ्यात बाळ येशूची जागा नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत रिकामी असते," तो म्हणाला. "त्यामुळे आम्ही सगळा आठवडा गाडी चालवून बघतो आणि मग देव ठेवतो. तुम्ही देव आधी बसवता."

"हे मला आत्ता सांगतोयस."

"तुमच्या सणात मी कशाला बोलू?"

खऱ्या रेल्वेत घाटात करतात तसं मागून दुसरं इंजिन लावून ढकलायचं, असं ठरलं. त्याचं इंजिन जुनं, दणकट होतं. बेथलेहेमचा चढ चढलेलं. आम्ही ते रुळावर ठेवलं. ते दमदारपणे डोंगरात शिरलं, आत कशाला तरी टेकल्याचा आवाज आला, मग चाकं फिरल्याचा, मग कसलाच नाही.

"आता दोन झाली," बायको म्हणाली. तीन दिवसांत रेल्वेबद्दल तिने एवढंच एक वाक्य आपणहून उच्चारलं.

मित्र घरी गेला तो इंजिनाशिवाय. जिन्यात म्हणाला, "नाताळपर्यंत मिळेल ना?"

चौथा दिवस उजाडला. त्या दिवशी सोसायटीच्या गृहसजावट स्पर्धेचे परीक्षक येणार होते. नाव मीच दिलं होतं, अर्जात 'चालता देखावा' असंही लिहिलं होतं. दुपारी ग्रुपवर निरोप आला की परीक्षक बी विंगमध्ये आले आहेत, त्यानंतर आपली सी. मी तो एकुलता एक डबा घेऊन स्टेशनात उभा केला. जरा बाजूने बघितलं तर गाडी नुकतीच आली आहे असं वाटत होतं. समोरून बघितलं तर एक डबा टाकून इंजिन पळून गेलं आहे असं वाटत होतं. मी तो पुढे-मागे करत राहिलो. आई तिच्या जपात होती. बायको किचनच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि या वेळी सरळ बघत होती.

मग तिने पदर खोचला, उजव्या हातातल्या बांगड्या काढून आईसमोरच्या पाटावर ठेवल्या आणि डोंगराच्या बाजूला जाऊन भिंतीला गाल टेकवला.

"अगं, नाही जात हात. मी बघितलंय."

"तुमचा नाही जात. कपाटामागे पडलेलं सगळं आजवर कोणी काढलंय या घरात?"

तिचा हात फटीतून सरसर आत गेला. कोपर गेलं. दंड गेला. खांदा भिंतीला लागला तेव्हा ती थांबली आणि डोळे मिटून चाचपडू लागली.

"काहीतरी ओलं लागतंय. पानासारखं."

"पान?"

"फूल आहे. जास्वंद. आणि दूर्वा आहेत, खूप. इथं गाठोडंच झालंय."

रोषणाईची वायर वर नेण्यासाठी मी मूर्तीमागे एक भोक ठेवलं होतं. वाहिलेली फुलं पहिल्या आरतीपासूनच थोडी थोडी त्यातून थेट रुळावर उतरत होती.

"मी देवाला वाहिली," जप न थांबवता आई म्हणाली. "रुळावर टाकली नाहीत."

"सापडलं इंजिन," बायको म्हणाली. "धरलंय मी."

"मग काढ ना."

तिने डोळे उघडले. गाल भिंतीलाच होता. "खोलीचं काय?"

खालून जिन्यात बोलण्याचे आवाज यायला लागले होते. मी म्हणालो, "खोलीचं काय म्हणजे? ठरलंच आहे. उद्यापर्यंत गाडी चालली नाही तर तुझी. तू आत्ता हात काढून घेतलास तरी तुझीच आहे."

"ते माहीत आहे मला. पण तशी नकोय."

"तशी म्हणजे कशी?"

"हरलात म्हणून. मग तुम्ही पुढची पाच वर्षं त्या दाराबाहेरून तोंड पाडून फिराल. प्रत्येक गणपतीत आल्यागेल्याला सांगाल, एक फूल पडलं म्हणून माझी खोली गेली. मी आत बसले तरी मला तुम्ही बाहेर दिसत राहाल. त्यापेक्षा नको." हात आत अवघडला असणार. "तुम्ही द्या. आपणहून. मग मी काढते."

आवाज आमच्या खालच्या मजल्यावर आले होते. तिथल्या दारात कोणीतरी चपला काढत होतं. माझ्या हातात तो डबा होता. मी त्या खोलीचा विचार केला, म्हणजे करायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांसमोर येत होता तो फटीत अडकलेला तिचा दंड आणि भिंतीच्या चुन्याने पांढरा झालेला गाल. लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे काय काय मागितलं ते मी आठवून बघितलं. त्या घाईत मला फक्त मिक्सर आठवला.

"घे," मी म्हणालो.

"काय घे?"

"खोली. दिली."

"आई, ऐकलंत ना?"

"ऐकलं," आई म्हणाली. "आणि मी काय, देव समोर आहे."

तिने इंजिन काढलं, डबे काढले, मग मित्राचं इंजिन काढलं, आणि सगळ्यात शेवटी फुलांचा तो ओला गोळा काढून निर्माल्याच्या परडीत टाकला. मी धावत गाडी जोडली. तिने हात धुऊन बांगड्या चढवल्या तेव्हा परीक्षक दारात होते. दोन बायका आणि एक गृहस्थ, तिघेही मोदक खाऊन थकलेले. मी बटण फिरवलं. गाडी निघाली, बागेला वळसा घालून डोंगरात शिरली. गाडी दुसऱ्या बाजूने बाहेर आली, बाप्पासमोरून गेली, आणि पुन्हा आत शिरली. मध्येच दोन दूर्वा इंजिनाला चिकटून बाहेर आल्या.

"तेही मुद्दाम केलंय का?" गृहस्थांनी विचारलं. मी काही म्हणायच्या आत आई हो म्हणाली.

"किती हौशी आहेत हो तुमचे मिस्टर," एक बाई बायकोला म्हणाल्या.

"हो, आहेत," ती म्हणाली. "मोदक घ्या."

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक स्टीलचा डबा. पहिलं बक्षीस कागदी कपांच्या मखराला गेलं. त्यात काहीच चालत नव्हतं, त्यामुळे काही अडकतही नव्हतं.

विसर्जन झालं, आई भावाकडे गेली आणि मी खोली रिकामी करायला घेतली. वसईच्या दोन फळ्या मित्राच्या माळ्यावर गेल्या, नाताळात बेथलेहेमला जोडायला. उरलेल्या दोन आमच्या पलंगाखाली मावल्या. बायको मदतीला आली नाही. दारात उभी राहून तिने एक खुर्ची कुठे ठेवायची एवढं सांगितलं. मुलगा आला की झोपेल कुठे, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्याला लहानपणापासून रेल्वे आवडते, पलंगाखाली झोपेल.

संध्याकाळी ती बाजारातून एक पितळी कडी घेऊन आली. स्क्रू माझ्याकडे होतेच, ड्रिलही होतं. मी ती दाराला आतल्या बाजूने बसवून दिली. मग ती आत गेली, आणि कडी नीट बसते का हे बघायला मी बाहेर उभा राहिलो. दोनदा दार ढकलून पाहिलं. उघडलं नाही.

"बसली व्यवस्थित," मी बाहेरून म्हणालो.

आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मी भाताचा कुकर लावायला गेलो.